जिव्हाळी सांभाळून
घरच्या कुत्र्याची नखे यंत्राने घासताना

सकाळी दाराची घंटा वाजते आणि आपल्याआधी आपला कुत्रा दाराशी पोहोचतो. फरशीवर त्याच्या नखांचा टकटक आवाज होतो. बहुतेक घरांत हा आवाज इतका सवयीचा झालेला असतो की त्याकडे कुणाचे लक्ष जात नाही. वास्तविक तो एक निरोप असतो. नीट निगा राखलेला कुत्रा सपाट जमिनीवर उभा असताना त्याची नखे जमिनीला टेकत नाहीत, किंवा जेमतेम टेकतात. आवाज येऊ लागला, म्हणजे नखे वाढली.

ज्येष्ठांच्या घरात असे अधिक वेळा घडते आणि त्याचे कारण साधे आहे. रोज दोन वेळा डांबरी रस्त्यावर लांबवर फिरणाऱ्या कुत्र्याची नखे बऱ्याच अंशी आपोआप झिजतात. पुढे आपले गुडघे दुखू लागतात. टेकडीपर्यंतची फेरी गल्लीच्या टोकापर्यंत येते आणि पावसाळ्यात तर फाटकापर्यंतच. घरातल्या गुळगुळीत फरशीवर नख झिजत नाही. मालकाची फेरी आखूड झाली की कुत्र्याची नखे लांब होतात, असा हा हिशेब आहे.

प्रश्न दोघांच्याही आरोग्याचा

वयानुसार आपली त्वचा पातळ आणि नाजूक होते. कुत्र्याने प्रेमाने मांडीवर पंजा टाकला, तरी हातावर लांबलचक ओरखडा उठतो. रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या चालू असतील, तर तो लवकर थांबत नाही आणि त्वचेखाली काळेनिळे डाग पडतात. मधुमेह असेल, तर लहानशी जखमही भरून यायला वेळ लागू शकतो.

वाढलेल्या नखांचा त्रास कुत्र्यालाही होतो. नख जमिनीला टेकले की बोट मागे रेटले जाते आणि पाऊल नीट पडत नाही. त्यात कुत्रा म्हातारा असेल, सांधे आखडलेले असतील, तर तो फरशीवर घसरतो. पुढच्या पायाच्या आतल्या बाजूला, थोडे वर, अंगठ्यासारखे एक नख असते. ते जमिनीला लागत नसल्यामुळे झिजतच नाही. दुर्लक्ष झाले तर गोल वळून मांसात रुतते. केसाळ कुत्र्यांत ते दिसतही नाही, म्हणून बोटांनी चाचपून पाहावे.

असे दोन-तीन ओरखडे झाले की परगावची मुले काळजीने म्हणतात, ‘‘आता कुणाला तरी देऊन टाका त्याला.’’ एकाकी घरातला सोबती केवळ नखांपायी दुरावणे, ही किंमत फार मोठी आहे. म्हणून नखांची निगा हा वरवरच्या टापटिपीचा विषय मानू नये.

कातरण्यापेक्षा घासणे का बरे?

कुत्र्याच्या नखाच्या आत रक्तवाहिनी आणि मज्जातंतू असलेला जिवंत भाग असतो. आपल्या भाषेत त्याला ‘जिव्हाळी’ असा नेमका शब्द आहे. पांढऱ्या नखात ती गुलाबी रेषेसारखी दिसते. काळ्या नखात मात्र ती बाहेरून दिसत नाही, आणि आपल्याकडच्या अनेक देशी कुत्र्यांची नखे काळीच असतात. कात्रीसारख्या नखकापणीने एका फटक्यात तुकडा पडतो. अंदाज जरा चुकला तरी जिव्हाळी कापली जाते, रक्त येते आणि कुत्रा तो प्रसंग पुढे विसरत नाही.

बॅटरीवर चालणाऱ्या नेल ग्राइंडरमध्ये एक लहान खरखरीत दंडगोल वेगाने फिरतो आणि सुताराच्या पॉलिश पेपरप्रमाणे नख थोडे थोडे घासतो. एका वेळी निघणारा भाग अगदी पातळ असल्यामुळे वेळीच थांबता येते. नजर मंदावलेल्या किंवा हात किंचित कापणाऱ्या माणसाला ही सवड मोलाची वाटते. शिवाय कापलेल्या नखाची कड धारदार राहते, तर घासलेल्या नखाची कड गोल होते. नाजूक त्वचेच्या माणसाला याचा थेट फायदा आहे.

यंत्राच्या मर्यादाही ध्यानात ठेवाव्यात. ते आवाज करते, थरथरते, घर्षणाने नख तापवते आणि नखाची बारीक भुकटी उडवते. यंत्र निवडताना वजनाला हलके, आवाजाला कमी, वेग कमीजास्त करता येणारे आणि वायर न लोंबणारे घ्यावे. पायात अडकणारी वायर ज्येष्ठांच्या घरात नकोच.

आधी सवय, मग काम

पहिल्याच दिवशी यंत्र चालू करून पंजा धरला, तर कुत्रा पुढच्या वेळी पलंगाखालून बाहेर येणार नाही. पहिले दोन-तीन दिवस बंद यंत्र नुसते त्याच्या शेजारी ठेवावे, त्याला हुंगू द्यावे आणि खाऊ द्यावा. नंतर यंत्र खोलीच्या दुसऱ्या टोकाला चालू करावे आणि त्याच वेळी खाऊ द्यावा. रोज थोडे जवळ यावे. मग चालू यंत्राची मागची, न फिरणारी बाजू पंज्याला क्षणभर टेकवावी, म्हणजे थरथर ओळखीची होते. या सगळ्या काळात सहज लाड करताना पंजे हाताळत राहावे, एकेक बोट हलके दाबावे. कुणाला यासाठी आठवडा लागेल, कुणाला महिना. घाई केल्यास आतापर्यंतचे श्रम वाया जातात.

खाऊ म्हणून उकडलेल्या गाजराचा किंवा पोळीचा छोटा तुकडा, अथवा बिनमिठाचे उकडलेले चिकन चालते. चॉकलेट, द्राक्षे, मनुका आणि कांदा कुत्र्याला कदापि देऊ नये. मधुमेहींसाठीच्या काही साखरविरहित गोळ्यांत झायलिटॉल असते. ते कुत्र्यांना विषारी आहे. तेव्हा आपल्या डबीतली गोळी त्याच्या पुढ्यात टाकू नये.

प्रत्यक्ष घासताना

फिरून आल्यावर, कुत्रा दमलेला आणि शांत असताना हे काम काढावे. स्वतः जमिनीवर वाकून किंवा उकिडवे बसू नये. आपण पाठ टेकून खुर्चीत बसावे आणि लहान कुत्र्याला शेजारच्या दिवाणावर, न घसरणाऱ्या सतरंजीवर घ्यावे. मोठा कुत्रा असेल, तर त्याला कुशीवर झोपवून घरातल्या धडधाकट माणसाने घासावे. आपण त्याच्या डोक्याशी बसून कुरवाळावे, खाऊ भरवावा. दोघांनी मिळून हे काम केव्हाही सोपे जाते.

उजेड भरपूर हवा. चष्मा आणि मास्क लावावा. दमा असेल तर घासण्याचे काम दुसऱ्याकडे द्यावे. साडीचा पदर कमरेला घट्ट खोचावा, ओढणी आणि गळ्यातला मफलर काढून ठेवावा, मोकळे केस बांधावेत. फिरत्या टोकात काहीही सहज गुंडाळले जाते. कुत्र्याच्या पंज्याचे लांब केसही असेच अडकतात. ते मागे धरावेत, किंवा जुना पातळ मोजा पंज्यावर चढवून त्यातून फक्त नखे बाहेर काढावीत. आपल्या छातीत पेसमेकर असेल, तर मोटर असलेले कोणतेही यंत्र छातीजवळ धरू नये आणि हे काम हाती घेण्याआधी आपल्या हृदयरोगतज्ज्ञांना विचारावे.

आता एक बोट अंगठा आणि तर्जनी यांच्यात हलके, पण स्थिर धरावे. यंत्र कमी वेगावर ठेवावे. नखाच्या टोकाला खालच्या बाजूने तिरके टेकवून एक-दोन सेकंदांत उचलावे, मग पुन्हा टेकवावे. एकाच जागी दाबून धरल्यास नख तापते आणि कुत्रा पाय ओढतो. कोपर खुर्चीच्या हातावर टेकवले, तर हाताचा कंप बराच आटोक्यात राहतो.

थांबायचे कुठे? दर दोन-तीन स्पर्शांनंतर नखाचे टोक समोरून पाहावे. आधी ते कोरडे, खडूसारखे फिकट दिसते. पुढे त्याच्या मधोमध एक गडद, किंचित ओलसर ठिपका उमटतो. तो दिसला की जिव्हाळी जवळ आली, असे समजून तेथेच थांबावे. काळ्या नखांसाठी हीच खरी खूण आहे.

सगळी नखे एकाच बैठकीत संपवण्याचा अट्टहास नको. आज दोन, उद्या तीन, असेही चालते. फार वाढलेली नखे एकदम आखूड करता येत नाहीत, कारण त्यांच्यासोबत जिव्हाळीही पुढे आलेली असते. दर आठ-पंधरा दिवसांनी थोडे थोडे घासत गेल्यास ती हळूहळू मागे सरते. त्यानंतर साधारण तीन-चार आठवड्यांनी एकदा घासणे पुष्कळ कुत्र्यांना पुरते.

रक्त आले तर

काळजी घेऊनही कधी जिव्हाळीला धक्का लागतो. घाबरू नये आणि कुत्र्यावर ओरडू नये. पशुवैद्यकाकडून आणलेली रक्त थांबवणारी पावडर, किंवा ती नसल्यास कॉर्नफ्लोअर चिमटीत घेऊन नखाच्या टोकावर काही मिनिटे दाबून धरावे. मधूनमधून उचलून पाहू नये. दहा मिनिटांनंतरही रक्त वाहत असेल, तर पशुवैद्यकाला दाखवावे.

या गडबडीत आपल्याला ओरखडा उठला, तर आपली जखम आधी पाहावी. साबण लावून वाहत्या पाण्याखाली ती पंधरा मिनिटे धुवावी. हळद, चुना, तिखट यांपैकी काहीही भरू नये. कुत्रा घरचा आहे, त्याला लस दिलेली आहे, एवढ्यावर निर्धास्त न राहता त्याच दिवशी डॉक्टरांना भेटावे. रेबीजची आणि धनुर्वाताची लस घ्यायची की नाही, हे त्यांना ठरवू द्यावे. रक्त पातळ ठेवणारी गोळी चालू असल्यास तेही सांगावे. कुत्र्याची वार्षिक लस मात्र चुकवू नये.

केव्हा करू नये

नख तुटलेले असेल, बोट सुजलेले असेल, पंज्याला हात लावताच कुत्रा कळवळत असेल, तर घासायला बसू नये. त्याला औषधोपचाराची गरज आहे. तो गुरगुरत असेल, तर ते गुरगुरणे ऐकावे. ‘आता पुरे’ हे सांगण्याची त्याची ती रीत आहे. त्याबद्दल शिक्षा केली, तर पुढच्या वेळी तो न सांगता चावेल. आपल्या हाताला अधिक कंप असेल किंवा दृष्टी अंधूक झाली असेल, तर हे काम जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात करून घेण्यात कमीपणा मानू नये. परगावच्या मुलांनीही, कुत्रा देऊन टाकण्याचा सल्ला देण्याआधी, महिन्यातून एकदा या कामासाठी माणूस येईल अशी व्यवस्था करावी. घरी आले असता वडिलांच्या शेजारी बसून एकदा ती नखे स्वतः घासावीत.

दाराची घंटा पुन्हा वाजेल. कुत्रा नेहमीप्रमाणे आपल्याआधी धावेल. त्या वेळी कान देऊन ऐकावे. टकटक आली नाही, फक्त मऊ पावलांची चाहूल आली, तर त्याचे पाऊल नीट पडते आहे आणि आपली त्वचाही सुरक्षित आहे.