मिनिटाला सहा श्वास

मुंबईत लोअर परळच्या डिलाईल रोडवरच्या चाळींत कोकणातून आलेल्या गिरणी कामगारांनी भजनी मंडळं जोपासली. बुवांनी ओळ सोडायची, बाकीच्यांनी ती उचलून धरायची. ओळ लांबवायची तर श्वास पुरवून वापरावा लागतो. या पुरवून वापरण्यात काय दडलंय?

2001 साली इटलीच्या लुचानो बर्नार्दी यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 23 निरोगी माणसांना जपमाळेवरची लॅटिन प्रार्थना आणि ‘ओम मणि पद्मे’ हा मंत्र म्हणायला सांगितलं. धर्म दोन, भाषा दोन, पण श्वास दोन्ही वेळी मिनिटाला साधारण सहावरच येऊन स्थिरावला! त्या गतीला हृदयाचे ठोके आणि रक्तदाब यांचे चढउतार एका लयीत येतात आणि रक्तदाब सावरणारी शरीराची यंत्रणा अधिक तत्पर होते. शतकानुशतकं जप करणाऱ्यांना हे आकडे ठाऊक नव्हते. त्यांची छाती मात्र हाच हिशेब पाळत होती.

शरीर सावरणाऱ्या संथ श्वासाची ही गोष्ट भावनांच्या वादळात स्वतःला इजा करून घेणाऱ्या पंधरा वर्षांच्या मुलामुलींसाठी मोलाची ठरू शकते. ‘लक्ष वेधायला करतात’ हा समज सोडून द्यायला हवा. बहुतेक जण ते लपवतात. असह्य भावनेतून कसंबसं पार पडण्याची ती धडपड असते. मरायची इच्छा दर वेळी असतेच असं नाही, पण पुढचा धोका वाढतो, म्हणून मदत लवकर हवी. या वयात भावना उसळतात आणि त्यांना आवर घालणारा मेंदूचा पुढचा भाग पंचविशीपर्यंत घडतच असतो.

अशाच वादळातून गेलेली एक मुलगी म्हणजे मार्शा लिनेहान. 1961 साली, सतराव्या वर्षी, ती अमेरिकेतल्या एका मनोरुग्णालयात दाखल झाली. दोन वर्षांहून अधिक काळ तिथेच राहिली. 1967 मध्ये शिकागोच्या एका प्रार्थनाघरात गुडघे टेकून बसली असताना तिला अचानक स्वतःविषयी प्रेम वाटलं. पुढे मानसशास्त्रज्ञ होऊन तिने ‘डायलेक्टिकल बिहेवियर थेरपी’ घडवली. आहे ते आधी स्वीकारायचं आणि त्याच वेळी बदलाची कौशल्यंही शिकायची, हे तिचं सूत्र. त्यात झेन साधनेतली सजगताही आली. 2018 साली प्रसिद्ध झालेल्या, 173 किशोरवयीनांवरच्या चाचणीत या उपचाराने स्वतःला इजा करण्याचं प्रमाण दुसऱ्या एका उपचारपद्धतीपेक्षा जास्त घटलं. आपल्या जुन्या जखमांबद्दल लिनेहान जाहीरपणे बोलल्या त्या थेट 2011 मध्ये.

आता पुन्हा भजनाकडे पाहू. असा आधार तिथेही सापडतो: ठरलेला वार, ठरलेली वेळ, हातात टाळ, शेजारी काका-मावशी, आणि एखादा आला नाही तर ‘आज दिसला नाही’ म्हणणारं कुणीतरी. वर एक दुर्मीळ मुभा: इथे दुःख मोठ्याने म्हणता येतं. दुष्काळात घरची माणसं गमावलेले तुकोबा विठ्ठलाशी चक्क भांडतात, आणि ते भांडणही भक्तीतच जमा होतं.

हीच श्रद्धा उलटही फिरू शकते. ‘पाप केलंस’, ‘बाहेरचं झालंय’ असं ऐकलं की मूल आणखी लपवतं. ‘देवाची शपथ घे, पुन्हा करणार नाहीस’ ही तर मायेने केलेली सर्वांत मोठी चूक. बरं होताना पाऊल पुन्हा घसरू शकतं. शपथ मोडली की जखमेवर अपराधाचं ओझं चढतं आणि सांगायची वाटच बंद होते. ‘पुन्हा वाटलं तर मला उठव, मध्यरात्र असली तरी’ हे वाक्य त्याहून कितीतरी उपयोगी.

भजनाने उपचाराची जागा घेऊ नये. दोन्ही एकत्र चालू शकतात. लोअर परळहून केईएम रुग्णालय जवळ आहे आणि तिथे मानसोपचार विभाग आहे. सरकारची ‘टेली मानस’ ही मानसिक आरोग्याची फोनसेवा 14416 वर रात्रंदिवस, मोफत आणि मराठीतही मिळते. बुवांनी आणि आई-वडिलांनी हा नंबर फोनमध्ये ठेवावा. जखम ताजी असेल किंवा जिवाला धोका वाटत असेल तर मुलाला एकटं न सोडता थेट रुग्णालय गाठावं.