होट्टल, निलंग्याच्या मंदिरांत ‘ड्रॅगन’? दगडातल्या अद्भुत प्राण्यांची जात कशी ओळखायची?

हॅरी पॉटर वाचणाऱ्या मुलांना ‘हंगेरियन हॉर्नटेल’ आणि ‘नॉर्वेजियन रिजबॅक’ यांतला फरक तोंडपाठ असतो. जे. के. रोलिंग यांच्या २००१ साली आलेल्या ‘फँटास्टिक बीस्ट्स’ या छोट्या पुस्तकात ड्रॅगनच्या १० जाती दिल्या आहेत. टुई सदरलँड यांच्या ‘विंग्ज ऑफ फायर’ मालिकेत पिरिया या खंडावर ड्रॅगनच्या ७ टोळ्या राहतात.

जुन्या मंदिरातलं एखादं विचित्र शिल्प दिसलं की आपणही फोटोखाली ‘ड्रॅगन’ लिहून मोकळे होतो. पण या प्राण्यांना आपल्याकडे स्वतःची नावं आहेत आणि त्यांचं रीतसर वर्गीकरणही झालेलं आहे.

ड्रॅगनच्या जाती कशावरून ठरतात?

पाय, पंख, शिंगं, राहण्याची जागा आणि तोंडातून काय बाहेर पडतं, यावरून. युरोपातल्या राजचिन्हांमध्ये चार पाय आणि पंख असलेला तो ड्रॅगन, तर दोनच पाय आणि पंख असलेला तो वायव्हर्न, असा भेद इंग्रजी परंपरेत केला जातो.

आपल्याकडे कोणते प्राणी आहेत?

नांदेड जिल्ह्यातलं देगलूरजवळचं होट्टल आणि लातूर जिल्ह्यातलं निलंगा इथली मंदिरं कल्याणीच्या चालुक्यांच्या काळातली मानली जातात. या शैलीच्या मंदिरांत सहसा तीन अद्भुत प्राणी भेटतात.

मकर: हत्तीची सोंड, मगरीचा जबडा आणि मागे माशासारखी किंवा फुलोऱ्याची शेपटी. हे गंगेचं आणि वरुणाचं वाहन. पाण्याशी नातं असल्यामुळे अभिषेकाचं पाणी बाहेर सोडणाऱ्या पन्हळीला अनेकदा मकराचंच तोंड असतं.

कीर्तिमुख: धड नाही, फक्त चेहरा. बटबटीत डोळे आणि वासलेला जबडा. पुराणकथेनुसार शंकराच्या क्रोधातून जन्मलेल्या या भुकेल्या गणाने त्याच्याच आज्ञेवरून स्वतःचं शरीर खाल्लं. प्रसन्न झालेल्या शंकराने त्याला आपल्या दाराशी मानाची जागा दिली. म्हणून ते गाभाऱ्याच्या उंबरठ्यावर दिसतं.

व्याल: शरीर बहुधा सिंहाचं, डोकं मात्र कोणाचंही.

व्यालाचे प्रकार किती?

१२व्या शतकाच्या सुमारास पश्चिम भारतात रचलेल्या ‘अपराजितपृच्छा’ या शिल्पग्रंथात व्यालाचे १६ प्रकार येतात. डोकं ज्याचं, नाव त्याचं: सिंहव्याल, गजव्याल, अश्वव्याल, नरव्याल, शुकव्याल. प्रत्येकाच्या उभं राहण्याच्या, वळण्याच्या, झेपावण्याच्या १६ तऱ्हा. म्हणजे एकूण २५६ रूपं. सुरुवातीला दिलेल्या ड्रॅगनच्या दोन्ही याद्यांपेक्षा ही यादी कितीतरी मोठी आहे.

मग शरभ कोणता?

किल्ल्याच्या दरवाजावर सिंहासारखा, कधी पंख असलेला आणि पंजाखाली हत्ती दाबून धरलेला प्राणी दिसला, तर तो शरभ. महाराष्ट्रातल्या अनेक किल्ल्यांवर तो आहे. शैव कथांमध्ये नरसिंहाला शांत करण्यासाठी शंकराने शरभाचं रूप घेतलं.

नाव कळून उपयोग काय?

इथे नाव म्हणजे पत्ता. मराठवाड्यात कित्येक गावांत पडलेल्या मंदिरांचे दगड पाराखाली, शेताच्या बांधावर नाहीतर एखाद्या घराच्या भिंतीत सापडतात. सुटा दगड मकरमुखाचा असेल, तर तो पन्हळीचा, जोत्याचा किंवा तोरणाचा असू शकतो. कीर्तिमुख असेल तर उंबरठा किंवा शिखर तपासायचं. उभा व्याल असेल तर भिंतीतल्या खोबणीत त्याची जागा शोधायची. मंदिर पुन्हा उभं करताना अशाच खुणांवरून दगड जुळवले जातात. ‘कसलंतरी जनावर’ म्हणून बाजूला टाकलेला दगड मात्र कायमचा बेपत्ता होतो.

असा दगड दिसला तर?

तो हलवू नका, त्याला शेंदूर किंवा ऑइलपेंट फासू नका. आहे त्या जागी, आजूबाजूचा परिसर दिसेल असा फोटो काढा आणि तहसील कार्यालयाला किंवा राज्याच्या पुरातत्त्व विभागाला कळवा. पोस्ट टाकणार असाल तर ‘ड्रॅगन’ऐवजी त्याचं खरं नाव लिहा. डोकं कोणाचं आणि धड कोणाचं, एवढं पाहिलं तरी ते बहुतेक वेळा सापडतं.