दोन रिपोर्ट, दोन तारखा

घनसावंगी तालुक्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत मी ‘ध्वनी’ या विषयावर बोलायला गेले होते. कार्यक्रम संपला, मुले पांगली, आणि तिथल्या एका बाईंनी मला बाजूला बोलावून प्लॅस्टिकच्या पिशवीतून दोन कागद काढले. “मॅडम, तुम्ही डॉक्टर ना? मग एवढं सांगा, यातली खरी तारीख कोणती?” माझी डॉक्टरकी ध्वनीची, बाळंतपणाची नव्हे, हे मी त्यांना आधीच सांगून टाकले. पण कागद पाहिल्यावर लक्षात आले, की प्रश्न निम्मा तरी माझ्याच विषयातला आहे.

ते सोनोग्राफीचे रिपोर्ट होते. बाईंच्या एका जुन्या विद्यार्थिनीचे. पहिला १० ऑक्टोबरचा, नवऱ्याबरोबर ऊसतोडीला सांगलीकडे निघण्याआधीचा. गर्भाची लांबी ४५ मिलिमीटर, वय ११ आठवडे २ दिवस, बाळंतपणाची अपेक्षित तारीख २९ एप्रिल. दुसरा २० मार्चचा, पट्टा पडल्यावर गावी परतल्यानंतर दुसऱ्या दवाखान्यात केलेला. त्यात वय ३१ आठवडे ३ दिवस आणि तारीख १९ मे. वीस दिवसांचा फरक! शेवटची पाळी कधी आली होती, असे विचारले तर “आखाडात, पंचमीच्या आधी कधीतरी” एवढेच तिला आठवत होते.

एखादे यंत्र बिघडलेले असणार, असे बाईंना वाटत होते. यंत्रे दोन्ही चांगली होती. मग चूक कुठे होती? ते समजण्यासाठी सोनोग्राफीचे यंत्र नेमके काय मोजते ते पाहायला हवे.

यंत्र काय मोजते?

विहिरीत डोकावून हाक मारली की प्रतिध्वनी येतो. हाक आणि प्रतिध्वनी यांमधला वेळ मोजता आला, आणि हवेत ध्वनी सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो हे माहीत असले, तर पाणी किती खोल आहे ते सांगता येईल. सोनोग्राफीचे यंत्र एवढेच करते. फक्त त्याची हाक आपल्याला ऐकू येत नाही. आपल्या कानाची मर्यादा सेकंदाला सुमारे २० हजार कंपनांची. पोटाच्या तपासणीत वापरतात तो श्राव्यातीत ध्वनी सेकंदाला ३५ लाख किंवा त्याहून जास्त कंपनांचा असतो.

इतका बारीक ध्वनी कशाला हवा, असे मुले हमखास विचारतात. शरीराच्या मऊ भागांत ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे १५४० मीटर असतो. त्याला ३५ लाखांनी भागा. तरंगलांबी अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही कमी येते. तरंगलांबीपेक्षा फार लहान गोष्ट त्या तरंगाने नीट दिसत नाही. आपल्या नेहमीच्या आवाजाची तरंगलांबी हाताच्या लांबीएवढी. त्याने गर्भाचे बोट कसे दिसणार?

दहा सेंटिमीटर खोलवरून प्रतिध्वनी परत यायला सेकंदाचा सुमारे साडेसात हजारावा भाग लागतो. पोटावर फिरवतात त्या प्रोबमध्ये दाबाला प्रतिसाद देणारे स्फटिक असतात. विजेचा झटका दिला की ते थरथरतात, आणि परतलेल्या ध्वनीने दाबले गेले की वीज निर्माण करतात. हा गुण क्यूरी बंधूंनी १८८० साली दाखवला. प्रत्येक प्रतिध्वनी किती वेळाने आणि किती जोरात आला एवढेच यंत्राला कळते. त्यावरून ते पडद्यावर ठिपके मांडते. म्हणजे सोनोग्राफीचे चित्र हा फोटो नव्हे, वेळांवरून काढलेला नकाशा आहे.

दोन वेगळे पदार्थ जिथे भेटतात तिथून प्रतिध्वनी येतो. हवा आणि कातडी यांच्या सीमेवर तर जवळजवळ सगळाच ध्वनी परत फिरतो. म्हणून पोटाला ती गार, चिकट जेल लावतात. तिचे काम मधली हवा घालवणे एवढेच. गर्भारपणाच्या पहिल्या महिन्यांत बाईला भरपूर पाणी प्यायला लावतात त्याचेही कारण हेच. भरलेले मूत्राशय हवा असलेली आतडी बाजूला सारते आणि गर्भाशयाकडे पाहायला पाण्याची खिडकी मिळते.

जालन्याच्या शिक्षकांना आणखी एक गोष्ट सांगायला आवडेल. आपले शहर लोखंडी सळ्यांसाठी ओळखले जाते. पोलादाच्या आत लपलेली भेग शोधण्यासाठी त्यात श्राव्यातीत ध्वनी सोडून प्रतिध्वनी पाहण्याची पद्धत कारखान्यांत आधी रुळली, आणि माणसाच्या पोटाचे चित्र नंतर आले. ग्लासगोचे स्त्रीरोगतज्ज्ञ इयान डोनाल्ड १९५५ च्या जुलैमध्ये शस्त्रक्रियेत काढलेल्या गाठी मोटारीत घालून बॅबकॉक अँड विलकॉक्स या बॉयलर बनवणाऱ्या कंपनीच्या कारखान्यात गेले. तिथल्या भेगा शोधणाऱ्या यंत्राखाली त्यांनी त्या धरल्या. पाण्याने भरलेली गाठ आणि भरीव गाठ यांचे प्रतिध्वनी स्पष्टपणे वेगळे आले. पुढे टॉम ब्राउन या तरुण अभियंत्याने त्यांना यंत्र बनवून दिले. पोटाच्या असाध्य कर्करोगाने मरणार असे ठरलेली एक बाई त्यांनी त्या यंत्राने तपासली. निघाली ती बीजकोशाची मोठी, पाण्याची गाठ. गाठ काढली आणि बाई बरी झाली. या कामाचा लेख १९५८ साली ‘लॅन्सेट’मध्ये आला.

वय की वाढ?

आता आपल्या दोन तारखांकडे वळू. यंत्र मिलिमीटर मोजते, आठवडे नव्हे. आठवडे येतात ते तक्त्यातून. पाळीच्या तारखा पक्क्या माहीत असलेल्या अनेक स्त्रियांच्या गर्भांची मोजमापे घेऊन ‘इतकी लांबी म्हणजे इतके वय’ असे तक्ते केलेले आहेत. पहिल्या तीन महिन्यांतल्या लांबीचा असा तक्ता ह्यू रॉबिन्सन यांनी १९७३ साली, ग्लासगोमधूनच, प्रसिद्ध केला.

हा तक्ता कधी चांगला चालतो? वर्गात एक प्रयोग करून पाहा. ज्वारीचे वीस दाणे एकाच दिवशी कुंड्यांमध्ये पेरा. उगवल्यावर लगेच उंची मोजली तर सगळी रोपे जवळजवळ सारखी भरतील. महिन्याने मोजा. एखादे वीतभर, तर एखादे त्याच्या निम्मे. आता त्या बुटक्या रोपाची फक्त उंची एखाद्या परक्याला सांगा आणि वय विचारा. तो म्हणेल, पंधरा दिवसांचे! त्याचा तक्ता खोटा नाही. फक्त ‘लहान वयाचे’ आणि ‘खुरटलेले’ यांतला फरक एका मापावरून कळत नाही.

गर्भाचेही तसेच. आठव्या आठवड्यात त्याची लांबी सुमारे १६ मिलिमीटर असते, दहाव्यात ३१, बाराव्यात ५४. या काळात जवळजवळ सगळे गर्भ एकाच चालीने वाढतात, आणि वाढ इतकी वेगाची, की मोजताना दोन मिलिमीटरची चूक झाली तरी वय दीड-दोन दिवसांनीच चुकते. नवव्या महिन्यात डोक्याची रुंदी आठवड्याला दीड-दोन मिलिमीटरच वाढते. तेव्हा तीच दोन मिलिमीटरची चूक आठवडा खाऊन टाकते. शिवाय तोवर प्रत्येकाची चाल वेगळी झालेली असते: कुणाचे आईबाप ठेंगणे, कुणाच्या आईचे पोषण तोकडे, कुणाची वार नीट काम करत नाही. म्हणून पहिल्या तीन महिन्यांतली तारीख पाच ते सात दिवसांच्या फरकाने धरतात, तर २८ आठवड्यांनंतर काढलेली तारीख तीन आठवडे इकडेतिकडे असू शकते. पहिली सोनोग्राफी चांगली झाली असेल तर नंतरच्या रिपोर्टवरून तारीख बदलायची नसते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ साली प्रत्येक गर्भवतीची एक सोनोग्राफी २४ आठवड्यांच्या आत व्हावी अशी शिफारस केली, तिच्यामागे हेही एक कारण आहे.

म्हणजे २९ एप्रिल हीच खरी तारीख. पण बाईंना हायसे वाटले तसे मला वाटले नाही. ही तारीख खरी, तर २० मार्चला बाळ ३४ आठवडे २ दिवसांचे होते आणि मापाने मात्र ३१ आठवड्यांचे. दुसऱ्या रिपोर्टमधले बारीक आकडे मी पुन्हा पाहिले. डोक्यावरून वय ३२ आठवडे ५ दिवस, मांडीच्या हाडावरून ३१ आठवडे ४ दिवस, पोटाच्या घेरावरून ३० आठवडे. यंत्राने तिन्हींची सरासरी काढून टाकली होती. सरासरी हा प्रकार कधीकधी नेमकी सांगण्यासारखी गोष्टच पुसून टाकतो. वारेतून पोषण कमी मिळू लागले की बाळ मेंदूचा रक्तपुरवठा शक्यतो राखते आणि यकृतातला साखरेचा साठा खर्चते. यकृत लहान राहते, म्हणून पोटाचा घेर मागे पडतो. ज्या डॉक्टरांनी दुसरा रिपोर्ट दिला त्यांच्यासमोर पहिला कागद नव्हता. त्यांच्या दृष्टीने ३१ आठवड्यांचे, ठीक वाढलेले बाळ होते.

दोन्ही रिपोर्ट घेऊन तिने स्त्रीरोगतज्ज्ञांकडे लगेच जावे, एवढेच मी सांगितले. पुढे काय करतात हे मला ठाऊक होते: डॉप्लर तपासणी. शिट्टी वाजवत जवळ येणाऱ्या गाडीचा आवाज चढा आणि दूर जाणाऱ्या गाडीचा खाली का येतो, हे आपण नेहमी शिकवतो. नाळेतल्या धावत्या रक्तपेशींवरून परतणाऱ्या ध्वनीचेही तेच होते, आणि त्यावरून रक्ताचा वेग कळतो. १९७७ साली डब्लिनच्या संशोधकांनी नाळेतला प्रवाह असा मोजला. निरोगी वारेकडे बाळाच्या हृदयाच्या दोन ठोक्यांच्या मधेही रक्त पुढे वाहत राहते. वार बिघडली की मधला प्रवाह क्षीण होतो, मग थांबतो, अगदी वाईट स्थितीत उलटा फिरतो. हे भाकीत आहे, भविष्य नव्हे. क्षीण प्रवाह असलेली कितीतरी बाळे सुखरूप जन्मतात. पण लक्ष कुणावर ठेवायचे ते यातून कळते. जोखमीच्या गर्भारपणांत अशा तपासणीचा उपयोग होतो का, हे दहा हजारांहून अधिक स्त्रियांवरील चाचण्या एकत्र करून तपासले गेले. बाळांचे मृत्यू हजारी १७ वरून १२ वर आलेले दिसले. जोखीम नसलेल्या स्त्रियांत मात्र सरसकट डॉप्लर करून असा फायदा आढळला नाही. हे फारसे कुणी सांगत नाही, पण तेही तितकेच खरे आहे.

मग यंत्रच उसाच्या फडावर का नेत नाहीत? आपल्याकडे याच यंत्राने मुलगी आहे का ते पाहून गर्भ पाडले गेले. शेजारच्या बीड जिल्ह्यात २०११ च्या जनगणनेत शून्य ते सहा वयाच्या हजार मुलग्यांमागे ८०७ मुली होत्या. महाराष्ट्राने १९८८ साली आणि केंद्राने १९९४ साली गर्भलिंग निदानाविरुद्ध कायदा केला. प्रत्येक यंत्राची नोंदणी होते, प्रत्येक गर्भवतीच्या तपासणीचा फॉर्म भरावा लागतो आणि २०१२ पासून सुटसुटीत यंत्रे हवी तिथे नेण्यावरही बंधने आहेत. त्याला इलाज नाही. म्हणून यंत्र फडावर जात नसले तरी पहिला कागद जाऊ शकतो. या मुलीचा कागद सासूने रेशनकार्डाबरोबर घरीच जपून ठेवला होता, हरवू नये म्हणून!

डॉप्लरमध्ये प्रवाह कमी निघाला, पण थांबलेला नव्हता. तिला दर दोन-तीन दिवसांनी तपासत राहिले. ८ एप्रिलला, ३७ आठवडे पुरे झाल्यावर, कळा सुरू करून बाळंतपण केले. मुलगी, वजन १ किलो ९०० ग्रॅम. दुसऱ्या रिपोर्टच्या तारखेची वाट पाहिली असती तर काय झाले असते, ते सांगता येत नाही.

बाईंचा फोन आला तेव्हा त्यांनी आणखी एक गंमत सांगितली. कुणाचे नाव न घेता त्यांनी सातवीच्या वर्गाला उदाहरण घातले होते: गर्भ १० ऑक्टोबरला ७९ दिवसांचा, तर २८० दिवस कोणत्या तारखेला पुरे होतील? वर्गात तीन उत्तरे आली, आणि फेब्रुवारी २८ दिवसांचा धरायचा की २९ चा, यावर मधली सुट्टी संपेपर्यंत वाद चालला.