गांवाचें नांव कोण राखतें?
बेल्जमच्या खेड्यांपासून मुळशीच्या जात्यापर्यंत

युरोपच्या नकाशांत बेल्जम हा देश तळहाताएवढा दिसतो. त्याचें क्षेत्रफळ सुमारें ३०,७०० चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या महाराष्ट्राचा एक-दशांश. पुणें जिल्ह्यासारखे दोन जिल्हे शेजारीं शेजारीं ठेविले कीं बेल्जमची भरती झाली. परंतु ह्या चिमुकल्या देशांतील खेड्यापाड्यांना एक मोठी हौस आहे. आपल्या मातींत जन्मलेल्या एखाद्या थोर माणसाचें नांव तीं कुलदैवतासारखीं जपतात.

ल्यूव्हन शहराजवळ ट्रेमेलो नांवाचें एक खेडें आहे. ३ जानेवारी १८४० रोजीं तेथील एका शेतकऱ्याच्या घरीं योझेफ दे व्हॉस्टर ह्या मुलाचा जन्म झाला. हाच पुढें फादर डेमियन म्हणून जगास ठाऊक झाला. पॅसिफिक महासागरांतील हवाई बेटांत, मोलोकाई येथें, महारोग्यांना समाजाबाहेर काढून ठेवीत असत. १८७३ सालीं डेमियन त्यांच्यांत राहावयास गेला. त्यांच्या जखमा धुतल्या, त्यांस घरें बांधून दिलीं, आणि अखेर तोच रोग अंगीं जडून १५ एप्रिल १८८९ रोजीं तेथेंच मरण पावला. २००९ सालीं पोपनें त्यास संतपद दिलें. ट्रेमेलोंत त्याचें जन्मघर आज संग्रहालयाच्या रूपानें उभें आहे.

स्खेल्ड नदीच्या कांठचें रुपेलमोंड हें असेंच दुसरें गांव. चांभारकाम करणाऱ्या एका गरीब बापाच्या पोटीं १५१२ सालीं येथें गेरार्ड मर्केटर जन्मला. शाळेच्या भिंतीवर टांगलेला जगाचा नकाशा आपण सर्वांनींच पाहिला आहे. त्यांत ग्रीनलंड जवळजवळ आफ्रिकेएवढें दिसतें, वस्तुतः आफ्रिका त्याच्या चौदापट आहे. हा चमत्कार मर्केटरच्या १५६९ च्या नकाशापासून चालत आलेला आहे. खलाशांना दिशेची रेघ सरळ ओढतां यावी, एवढ्यासाठीं त्यानें ध्रुवाकडील प्रदेश ताणून मोठे केले.

तिसरें गांव आपल्या अधिक जवळचें. समुद्रकांठचें रामस्कापेल. १९०९ सालीं तेथें कामिल बुल्के ह्यांचा जन्म झाला. लूव्हाँ येथें इंजिनिअरिंगचें शिक्षण घेतलेला हा तरुण पाद्री झाला, १९३५ सालीं भारतांत आला आणि हिंदी भाषेच्या प्रेमांत पडला तो कायमचाच. रामकथेचा उगम व विस्तार ह्यावरील त्यांचा हिंदी ग्रंथ १९५० सालीं प्रसिद्ध झाला. त्यांचा इंग्रजी-हिंदी कोश आजही अभ्यासकांच्या मेजावर असतो. त्यांनीं भारताचें नागरिकत्व घेतलें, १९७४ सालीं त्यांस पद्मभूषण मिळालें, आणि १९८२ सालीं ह्याच भूमींत त्यांनीं देह ठेविला. ज्याच्या गांवाच्या नांवांतच आरंभीं "राम" हीं अक्षरें यावींत त्यानें रामकथा शोधावी, हा केवळ योगायोग. पण मोठा गोड योगायोग!

ह्या गांवांच्या हौसेमागें एक व्यथाही आहे. १९७७ सालीं बेल्जम सरकारनें लहान लहान ग्रामसंस्था एकमेकींत मिसळून टाकल्या. २,३५९ होत्या त्यांच्या ५९६ उरल्या. रुपेलमोंड तेव्हां शेजारच्या क्रायबेकेमध्यें विलीन झालें, आणि २०२५ सालीं तें क्रायबेकेही आणखी मोठ्या संस्थेंत मिसळून गेलें. कचेरीच्या दप्तरांतून गांवाचें स्वतंत्र स्थान गेलें. पण मर्केटरच्या चरित्राच्या पहिल्याच ओळींत तें राहिलें. माणूस गांवांत जन्मतो हें खरें. परंतु कधीं कधीं गांवच माणसाच्या आधारानें जगतें.

आतां आपल्या मुळशीकडे वळूं. पुण्याहून पौडच्या रस्त्यानें पश्चिमेस गेलें म्हणजे सह्याद्रीच्या कुशींत हा तालुका लागतो. येथील गांवांचीं नांवें सरकारी ठरावानें पुसलीं गेलीं नाहींत. तीं पाण्यानें पुसलीं. निळा व मुळा ह्या नद्यांच्या संगमाजवळ टाटा कंपनीनें धरण बांधावयास घेतलें तेव्हां पन्नासाच्या आसपास गांवांवर संकट आलें. आंबेमोहोर तांदुळाचीं खाचरें, देवळें, घरें, पिढ्यान्‌पिढ्यांचीं स्मशानें, सारें पाण्याखालीं जाणार होतें. १६ एप्रिल १९२१ रोजीं, रामनवमीच्या दिवशीं, मावळ्यांनीं सत्याग्रह आरंभिला. विनायकराव भुस्कुटे व पांडुरंग महादेव बापट हे त्याचे अग्रणी. बापटांना "सेनापति" ही पदवी मिळाली ती ह्याच लढ्यांत. लढा तीन वर्षें चालला. धरण थांबलें नाहीं. १९२७ सालापासून मुळशीचें पाणी घाटाखालीं भिऱ्यास उतरून वीज होऊं लागलें आणि ती वीज मुंबईस जाऊं लागली.

ह्या लढ्याचा इतिहास लिहिला गेला आहे, पुढाऱ्यांचीं नांवें आपणांस पाठ आहेत. परंतु ज्यांचीं घरें पाण्यांत गेलीं, ज्यांनीं त्याच डोंगरांत वरच्या अंगाला पुन्हा चूल मांडली, त्या बायकांचें काय? त्यांचें म्हणणें कोणीं टिपून ठेविलें? त्या पहाटे जात्यावर बसत आणि मनांतलें सारें ओवींत घालीत. ती ओवी पीठाबरोबर संपे. दळण झालें कीं गाणें झालें.

आणि येथें बेल्जमच्या शेजारचा एक माणूस ह्या कथेंत येतो. गी पॉइटवाँ हे १९३४ सालीं फ्रान्स देशांत जन्मले. १९७० नंतरच्या पहिल्या कांहीं वर्षांत ते पुण्यास येऊन स्थायिक झाले आणि, बुल्क्यांप्रमाणेंच, भारताचे नागरिक झाले. मराठी ते उत्तम जाणत. हेमा राईरकर ह्या त्यांच्या सहकारिणी. दोघांनीं मिळून मुळशीच्या व आसपासच्या डोंगराळ मुलुखांत गोरगरिबांमध्यें काम केलें. तेथें "गरीब डोंगरी संघटना" उभी राहिली. रेशन, पाणी, मजुरी, दवाखाना ह्या रोजच्या प्रश्नांकरितां बायका एकत्र जमत. बैठकींत प्रश्न विचारला तर त्या खालीं मान घालून गप्प बसत. परंतु त्याच बायका जात्यावरची ओवी म्हणूं लागल्या कीं त्यांच्या तोंडून असे विचार बाहेर पडत कीं शिकलेल्या माणसानें स्तब्ध होऊन ऐकावें.

हें ध्यानांत आल्यावर ओव्या गोळा करण्याचें काम सुरू झालें. संघटनेंतील खेड्यांतल्याच बायका आपल्या शेजारणींकडे, आत्या-मावश्यांकडे जाऊन ओव्या उतरून आणूं लागल्या. मुळशींतील कोळवडें, नांदगांव अशा गांवांतून आरंभ झालेलें हें काम महाराष्ट्रभर पसरलें. सुमारें वीस वर्षांत एक हजाराहून अधिक गांवांतील तीन हजारांहून अधिक बायकांच्या एक लाखावर ओव्या जमल्या. १९९५ च्या अखेरीस बर्नार्ड बेल हे दुसरे एक फ्रेंच संगीतज्ञ व संगणकतज्ज्ञ ह्या कामीं आले. त्यांच्या साह्यानें शंभराहून अधिक तासांचें प्रत्यक्ष गायन ध्वनिमुद्रित झालें. पॉइटवाँ २००४ सालीं वारले. हेमाताईही आज हयात नाहींत. त्यांचा हा ठेवा २०१७ पासून "पारी" ह्या ग्रामीण भारताच्या संग्रहानें सर्वांसाठीं खुला केला आहे.

कोणी म्हणेल, ओव्या जमविण्यांत नवल तें काय? साने गुरुजींनीं "स्त्रीजीवन" मध्यें हें काम पूर्वीच केलें होतें, सरोजिनीबाई बाबरांनीं लोकसाहित्याची केवढी मोठी सेवा केली! हें अगदीं खरें, आणि फ्रान्सच्या माणसानें आपणांस ओवी शिकविली असें म्हणणें हा आपल्याच माणसांवर अन्याय होईल. ह्या संग्रहाचें वैशिष्ट्य दुसरेंच आहे. लोकगीतास कर्ता नसतो, तें सर्वांचें असतें, असें आपण कौतुकानें म्हणतों. आणि तसें म्हणतां म्हणतां गाणारीला विसरून जातों. येथें मात्र ओवीबरोबर गाणारीचें नांव आणि तिचें गांव लिहिलें आहे. मराठवाड्यांतील ताडकळसच्या गंगूबाई अंबोऱ्यांनीं सीतेचा वनवास गायिला, तो "एका स्त्रीनें" गायिला असें नव्हे, गंगूबाईंनीं गायिला अशी नोंद झाली. बेल्जममधील खेड्यानें आपल्या एका पुत्राचें नांव जपावें. येथें हजार खेड्यांनीं आपल्या तीन हजार लेकीसुनांचीं नांवें जपलीं आहेत.

आणि त्या काय गातात? आईची माया, भावाची वाट, पंढरीची वारी, सासरचा जाच. सीता त्यांस फार जवळची वाटते. कारण रामाच्या राज्याभिषेकापेक्षां सीतेचें रानांत एकटें पडणें त्यांच्या अनुभवाचें आहे. बुल्क्यांनीं रामकथा शोधली ती वाल्मीकीपासून देशोदेशींच्या ग्रंथांत; तीच कथा मुळशीच्या डोंगरांत एक निरक्षर बाई जात्याचा खुंटा धरून स्वतःच्या बाजूनें सांगत होती. दलित वस्तींतील बायका बाबासाहेब आंबेडकरांच्या ओव्या गातात. देव्हाऱ्यांतील देवाशेजारीं त्यांस बसवितात. ज्या बाईला विहिरीवर पाणी मिळत नव्हतें तिनें जात्यावर आपला इतिहास लिहिला आहे, आणि तो वाचतांना आपल्यासारख्या सुशिक्षित घरांतील माणसांना कोठें कोठें मान खालीं घालावी लागते.

एक गोष्ट विचार करण्यासारखी आहे. ज्या पाण्यानें मुळशीचीं गांवें बुडविलीं, त्याच पाण्याची वीज झाली. ती प्रथम मुंबईस गेली. पुढें कित्येक वर्षांनीं खेड्यापाड्यांत वीज आली आणि तिच्याबरोबर पिठाची गिरणी आली. गिरणी आली तें उत्तमच झालें! पहाटे तीन वाजतां उठून दोन दोन पायल्या दळणें म्हणजे काय, हें ज्यांनीं दळलें त्यांसच ठाऊक. त्या कष्टांचें गोडवे गाण्याचा अधिकार न दळणाऱ्यांस नाहीं. तथापि जातें थांबलें तेव्हां बायकांची हक्काची एकच जागा, जेथें सासू, नवरा, जमीनदार कोणीही ऐकत नसे आणि म्हणून वाटेल तें बोलतां येई, ती जागाही गेली. कष्ट गेले, आणि त्यांच्याबरोबर वाणीही गेली. पॉइटवाँ व राईरकर ह्यांनीं ती जातां जातां पकडली, म्हणून त्यांच्या कामाचें मोल.

हें काम अजून संपलेलें नाहीं आणि तें केवळ मुळशीच्या डोंगरांतच करावयाचें आहे असेंही नाहीं. आपल्या एकत्र कुटुंबांतही एके काळीं जातें होतें. माजघराच्या एका कोपऱ्यांत तें आजही उलथें पडलेलें असेल; मुंजीच्या घाण्याच्या वेळीं हळदकुंकू लावण्यापुरतें कोणी त्याची आठवण काढतें. जनाबाईबरोबर विठ्ठल दळावयास बसला, ही कथा आपण मुलांना भक्तीनें सांगतों. पण आपल्याच घरांतील आजीबरोबर कोण बसलें होतें, आणि ती काय म्हणत होती, हें आपणांपैकीं कितींना सांगतां येईल? घराण्याची वंशावळ काढली तर सात पिढ्यांच्या पुरुषांचीं नांवें सांपडतात. पणजीचें माहेरचें नांव विचारलें तर सारे एकमेकांकडे पाहतात.

तेव्हां वाचकांस व वाचक-भगिनींस एवढीच विनंती. घरांत ऐंशी-नव्वद वर्षांच्या कोणी आजी, आत्या, काकू असतील, शेतावरच्या कोणी वृद्ध बाई असतील, घरीं कामाला येणाऱ्या मावशींची आई असेल, त्यांच्यापाशीं निवांत बसावें. आतां तर प्रत्येकाच्या खिशांत आवाज उतरून घेण्याचें यंत्र आहे. ओवी जशी येईल तशी घ्यावी. शब्द "शुद्ध" करूं नयेत, अवघड वाटेल तें गाळूं नये. सासूची तक्रार असेल तर ती तशीच राहूं द्यावी, घराण्याच्या अब्रूचा बाऊ करूं नये. आणि शेवटीं त्या बाईचें पूर्ण नांव, माहेर, सासर आणि गांव स्पष्ट अक्षरांत लिहून ठेवावें.