साठ अधिक साठ: शिरोड्याची सुट्टी, माझी कार्डं आणि सावंतवाडीचा गंजिफा

लोकलच्या दारात लटकून ऐकत असाल तर आधी दोन पावलं आत या, मग पुढे ऐका. आजचा भाग पत्त्यांवर आहे. आणि थोडा आईबाबांवर.

आमच्या भांडुपमध्ये अर्ध्या चाळी कोकणातल्या. त्यामुळे 'कोकणात चाललो' म्हणजे गावी चाललो. गणपती, शिमगा, छपराची कौलं, काकांबरोबर जमिनीचा तोच जुना वाद. आई तिथेही चुलीपाशीच. म्हणून या जानेवारीत मी ठरवलं की गावी जायचंच नाही. शिरोड्याला वेळागरच्या किनाऱ्याजवळ एका घरात चार दिवस खोली घेतली, जेवणासकट. मध्यरात्री ठाण्याहून तुतारी पकडली. आणि पहिल्याच सकाळी आई पाच वाजता उठून घरमालकिणीला विचारून आली, "नारळ खवून देऊ काय गो?" आराम करायलाही सवय लागते, मंडळी.

पण खरी गोष्ट गाडीतच सुरू झाली होती. गाडी किती लेट आहे ते बघायला बाबांनी माझा फोन घेतला आणि त्यांना पैशांचे मेसेज दिसले. सहाशे, बाराशे, पुन्हा सहाशे. पाच महिन्यांत नऊ हजार चारशे. सगळे पोकेमॉन कार्डांवर. बाबा काही बोलले नाहीत, फोन परत दिला. ते न बोलणं कसं असतं, तुम्हाला माहीत आहे.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी वाळूत बसल्यावर त्यांनी विचारलं, "तू नेमकं काय विकत घेतोस?" तेव्हा जे त्यांना समजावलं, तेच तुम्हाला सांगतो.

आपला साधा कॅट बावन्न पानांचा. तो घेतला की खेळ तुमचा झाला. १९९३ साली रिचर्ड गारफिल्ड या गणितातल्या माणसाने अमेरिकेत 'मॅजिक: द गॅदरिंग' आणला आणि हा हिशोबच बदलला. पत्ते शेकड्यांनी, पण पाकीट बंद. सुरुवातीच्या पाकिटात पंधरा कार्डं असायची: अकरा साधी, तीन जरा कमी मिळणारी आणि एक दुर्मीळ. कोणती, ते फोडल्यावर कळणार. तुमच्याकडे जी येतील, त्यातून तुम्ही तुमचा कॅट रचायचा. म्हणजे डाव सुरू व्हायच्या आधीच अर्धा खेळ झालेला असतो. १९९६ मध्ये जपानमध्ये पोकेमॉनची कार्डं याच वाटेने आली. त्यात कॅट बरोबर साठ कार्डांचा लागतो आणि साधी एनर्जी कार्डं सोडली, तर एका नावाची जास्तीत जास्त चार ठेवता येतात.

बाबा म्हणाले, "म्हणजे लॉटरी."

मी म्हटलं, नाही, यात डोकं लागतं. ते म्हणाले, "डोकं खेळताना लागतं. घेताना?"

इथे मला जरा थांबावं लागलं. कारण घेतानाचं गणित मला येत होतं, फक्त मी ते कधी केलं नव्हतं. समजा फक्त दहा वेगवेगळी कार्डं आहेत, सगळी सारख्याच प्रमाणात छापलेली, आणि एका पाकिटात एक येतं. दहाही जमवायला किती पाकिटं? वाटतं, पंधरा-वीस. सरासरी येते २९. त्यातलं शेवटचं, दहावं कार्ड एकटंच सरासरी दहा पाकिटं खातं, कारण तोवर जे निघतं ते बहुतेक आधीच घरात असतं. शंभर कार्डं असतील तर आकडा पाचशेच्या वर जातो. आणि ही सगळी सारखी छापलेली धरून. दुर्मीळ कार्डाचं आणखी वाईट. शंभर पाकिटांत एकदा येणारं कार्ड तुम्ही शंभर पाकिटं फोडून शोधलंत, तरी शंभरातल्या साधारण ३७ जणांच्या हाती काहीच लागत नाही. "आता एवढी फोडली, पुढच्यात येईलच," हे पाकिटाला माहीत नसतं.

यावर उपाय दोनच: अदलाबदल, नाहीतर हवं ते कार्ड सुटं विकत घेणं. माझ्या दोन्ही कॅटमधली कार्डं सुटी घेतली असती तर दोन-अडीच हजारांत काम झालं असतं. उरलेले सात हजार मी पाकीट फोडतानाच्या त्या तीन सेकंदांना दिले. हे आईसमोर मोठ्याने बोलताना घसा सुकला.

बाबा ओरडले नाहीत. त्यांनी बिग फन बबलगमची गोष्ट काढली. शाळेत असताना त्या गमबरोबर क्रिकेटची कार्डं यायची, त्यावर रन आणि विकेट. त्या जमवून दिल्या की छोटं पुस्तक मिळायचं, भराभर पानं उलटली की फलंदाज शॉट मारताना दिसायचा. "गम मला आवडायचा नाही," बाबा म्हणाले. "चावून चावून जबडा दुखायचा. दुधाच्या सुट्ट्या पैशांतून घ्यायचो." आईने त्यांच्याकडे जे बघितलं, ते बघून मला जरा बरं वाटलं.

तिसऱ्या दिवशी सावंतवाडीचा राजवाडा बघायला गेलो. तिथे दरबार हॉलमध्ये गंजिफा रंगवतात. गोल पत्ते, लाखेचा लकाकणारा थर. हा खेळ इराणच्या बाजूने आला. बाबराने १५२७ साली सिंधमध्ये मित्राला गंजिफा पाठवल्याची नोंद त्याच्याच आत्मचरित्रात आहे. मुघलांच्या गंजिफात आठ रंग, पत्ते ९६. आपल्याकडे त्याचे दशावतार झाले: दहा रंग, प्रत्येकात राजा, प्रधान आणि एक ते दहा. मत्स्याला मासा, कूर्माला कासव, परशुरामाला परशू. कला जवळपास संपली होती. १९७०च्या दशकात शिवरामराजे आणि राणी सत्त्वशीलादेवी भोसले यांनी म्हाताऱ्या चितारींकडून नवीन मुलांना ती शिकवून घेतली, म्हणून ती आज आहे. आता तिला जीआय मानांकनही मिळालंय.

हाताने रंगवलेला पूर्ण संच काही हजारांचा. माझी तर कुठलंही कार्ड विकत घेण्याची पतच उरली नव्हती. पण परतताना एसटीत आई बोटांवर मोजत होती: दहा रंग, बारा-बारा पानं. "एकशे वीस," ती म्हणाली. "आणि तुझी किती आसत?"

साठ अधिक साठ.

मग काय! माझी कार्डं प्लास्टिकच्या कव्हरमध्ये असतात. वहीचे कागद कापले, प्रत्येक कव्हरमध्ये कार्डावर एक चिठ्ठी सरकवली. बाबांनी सुरुवातीचे मासे छान काढले, मग कंटाळून अक्षरंच लिहिली. वराह आणि वामन दोघांनाही 'व' लिहिलं, त्यामुळे पहिला डाव मोडला.

खेळ असा: तिघांत ४०-४० पानं. दिवसा खेळत असाल तर रामाचा राजा ज्याच्याकडे तो सुरुवात करतो, रात्री कृष्णाचा. हुकमाचा वेगळा रंग नाही. उतरलेल्या रंगात ज्याचं पान मोठं, त्याचा हात. पण अर्ध्या रंगांत दश्शी मोठी आणि अर्ध्यांत एक्का मोठा. मोठी पानं गेली की त्याखालचं पान राजासारखं होतं, म्हणून काय काय गेलं हे लक्षात ठेवणं हाच खेळ. बाकीचे बारकावे आम्ही सोडून दिले. चाळीस पानं हातात मावत नाहीत, ती चटईवर वहीआड मांडली.

आईने धुतलं आम्हाला. कुणाच्या लग्नात कुणी किती आहेर केला, हे वीस वर्षं लक्षात ठेवणाऱ्या बाईसमोर कासवाची सत्ती गेली की नाही हा काय प्रश्न आहे? रात्री साडेबारापर्यंत खेळली, आणि शेवटच्या सकाळी साडेआठपर्यंत झोपली.

पाकिटं अजून घेतो का? महिन्याला एक, बाबांना सांगून. बाकी सुटी कार्डं आणि अदलाबदल. भांडुपला आल्यावर कव्हरमधल्या चिठ्ठ्या काढायला बसलो, कारण रविवारी स्पर्धा होती. आई म्हणाली, "ऱ्हवांदे. शनिवारी कुडाळची मावशी येतली."

तर सध्या माझ्याकडे पोकेमॉनचा कॅट नाही. कुणाकडे जास्तीची साधी कार्डं असतील तर कळवा, अदलाबदल करू. भेटू पुढच्या भागात!