उजेड पाहून खिडकीशी धावलेली माणसे

रविवारी वंदना आटोपल्यावर आमच्या विहारात मुलांचा वर्ग भरतो. मागच्या आठवड्यात सहावीतल्या एका मुलीने विचारले, "काका, आकाशातून दगड पडतो तेव्हा देव कोपलेला असतो का? आमच्या शेजारची आजी म्हणते." बाकीची मुले हसली. मला हसू आले नाही. शिकल्यासवरल्या माणसांचीही अशा वेळी काय गत होते, हे रशियात साऱ्या जगाने पाहिले आहे. अवकाशात पहिला माणूस पाठविणारा हा देश!

उरल पर्वताच्या पायथ्याजवळ चेल्याबिन्स्क नावाचे दहा लाखांवर वस्तीचे कारखान्यांचे शहर आहे. १५ फेब्रुवारी २०१३ चा शुक्रवार. सकाळचे सव्वानऊ वाजून गेलेले, बाहेर हाडे गोठविणारी थंडी. एवढ्यात आकाशात डोळे दिपविणारा गोळा धावत गेला आणि मागे पांढऱ्या धुराचा जाड पट्टा उरला. माणसे हातातले काम टाकून खिडक्यांशी गेली. सगळे शांत होते. आणि दोनेक मिनिटांनी कानठळ्या बसविणारा आवाज होऊन त्याच खिडक्यांच्या काचा त्यांच्या तोंडावर आल्या.

सुमारे १,५०० लोकांना उपचार घ्यावे लागले. सात हजारांवर इमारतींचे नुकसान झाले, जस्ताच्या एका कारखान्याचे छप्पर कोसळले. सुदैवाने मृत्यू एकही नाही. दगड कोणाच्या डोक्यात पडला नव्हता. बहुतेकांना लागल्या त्या काचा.

यात कोपाचा संबंध कुठेच नाही, हिशेब आहे. सुमारे २० मीटर व्यासाचा हा पाषाण सेकंदाला १९ किलोमीटर वेगाने वातावरणात घुसला आणि जमिनीपासून सुमारे ३० किलोमीटर उंचीवर फुटला. त्याची शक्ती हिरोशिमावरील बॉम्बच्या कितीतरी पट होती. उजेड तत्काळ दिसतो, पण आवाजाला एक किलोमीटर यायला तीन सेकंद लागतात. वीज चमकल्यावर गडगडाट उशिरा येतो, तसेच हे.

त्या गोंधळात लोक काय काय बोलले! कोणी म्हणाले विमान कोसळले, कोणी म्हणाले क्षेपणास्त्र, कोणाला युद्ध सुरू झाले असे वाटले, तर कोणाला जगबुडी. झिरिनोव्हस्की नावाच्या पुढाऱ्याने तर ही उल्का नसून अमेरिकेच्या नव्या अस्त्राची चाचणी आहे, असे ठोकून दिले. पुढाऱ्यांचे एक बरे असते, आकाशातल्या दगडालाही ते शत्रूचा पत्ता चिकटवू शकतात.

परंतु सामान्य माणसाच्या संशयाला मी हसणार नाही. याच चेल्याबिन्स्क प्रांतात २९ सप्टेंबर १९५७ रोजी अणुकचऱ्याच्या टाकीचा स्फोट झाला होता. गावेच्या गावे उठविली गेली, पण सरकारने तीस वर्षांहून अधिक काळ ही गोष्ट दडवून ठेवली. तेव्हा आकाशात दिसलेल्या चमत्कारिक उजेडाला स्थानिक वर्तमानपत्राने चक्क ध्रुवीय प्रकाश ठरविले होते. ज्यांच्याशी एकदा असे खोटे बोलले गेले, त्यांची मुले खऱ्या उल्केवरही चटकन विश्वास कशी ठेवणार? अफवेला अज्ञान खतपाणी घालते हे आपण नेहमी म्हणतो. लपवाछपवीही तेवढेच घालते, हे मात्र विसरतो.

त्या दिवशी चौथीच्या एका शिक्षिकेने वेगळी वाट धरली. हे काय आहे हे तिलाही ठाऊक नव्हते. पण उजेड पाहताच तिने वर्गातल्या ४४ मुलांना बाकांखाली शिरायला लावले. स्वतः मात्र उभी राहिली. काचांनी तिला खोल जखमा झाल्या, मुलांना ओरखडाही नाही.

पुढे चेबारकुल तळ्यातून अर्ध्या टनाहून जड असा तुकडा ऑक्टोबर २०१३ मध्ये वर काढण्यात आला आणि संग्रहालयात ठेवला गेला. त्याआधीच काही जणांनी उल्केच्या नावाने पंथही काढून ठेवला होता. दगडाला शेंदूर फासण्याची हौस फक्त आपल्याकडेच आहे असे कोणी समजू नये.

आपल्याकडेही २ एप्रिल २०२२ ला, गुढीपाडव्याच्या संध्याकाळी, विदर्भाच्या आकाशात आगीच्या रेषा दिसल्या. उल्का, क्षेपणास्त्र, विमान, हीच यादी घरोघरी फिरली. चंद्रपूर जिल्ह्यात सिंदेवाहीजवळ लाडबोरी गावात धातूची मोठी कडी पडलेली आढळली. ते चिनी रॉकेटचे अवशेष असावेत, असे जाणकारांनी सांगितले.

तथागतांनी कालामांना सांगितले होते की, परंपरेने आले किंवा मोठ्याने सांगितले म्हणून काही मानू नका, स्वतः पारखून घ्या. त्या मुलीला मी एवढेच म्हटले, आजीशी भांडू नकोस, पावसाळ्यात वीज चमकली की तिच्याजवळ बसून मोठ्याने आकडे मोज. आणि आकाशात मोठा लखलखाट झाला, तर आजीला हाताला धरून आधी खिडकीपासून लांब ने. तिने दोन्ही गोष्टी वहीत लिहून घेतल्या आणि विचारले, "काका, किती मिनिटं लांब राहायचं?"

मी म्हटले, आवाज येऊन जाईपर्यंत.