थंडीने बुरशी मरत नाही

‘फ्रिजमध्येच तर ठेवलं होतं, मग बुरशी कशी लागली?’ दर पावसाळ्यात हा प्रश्न कानावर येतो, आणि तो चांगल्या शिकल्यासवरल्या घरांतूनही येतो. पनीरच्या कडेला हिरवट लव दिसते, ओल्या नारळाच्या वाटीत काळे ठिपके दिसतात, दाराच्या रबरात काळ्या रेघा उमटतात. मग दोष दुधवाल्याला, वाण्याला, नाहीतर फ्रिजच्या कंपनीला. या सगळ्यामागे एकच समजूत घट्ट बसलेली असते, ती म्हणजे थंडीत बुरशी मरते. ही समजूत साफ चुकीची आहे. फ्रिजच्या बाबतीत आपण करतो त्या बहुतेक चुका तिच्यातूनच होतात.

पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत देशाचा राष्ट्रीय बुरशी संग्रह आहे. अशा संग्रहांत बुरशीचे नमुने वर्षानुवर्षं जिवंत राखायचे असतात. त्यासाठी जगभरच्या प्रयोगशाळा ज्या पद्धती वापरतात, त्यांतली एक म्हणजे नमुने गोठवणं: उणे 80 अंशांवर, किंवा द्रवरूप नायट्रोजनमध्ये उणे 196 अंशांवर. नीट गोठवलेला नमुना बाहेर काढून त्याला खाद्य दिलं की तो पुन्हा वाढू लागतो. शास्त्रज्ञ बुरशी सांभाळण्यासाठी थंडी वापरतात आणि आपण 4 अंशांच्या फ्रिजने ती मरेल असं धरून चालतो!

थंडीने बुरशीची वाढ मंदावते, एवढंच. किती मंदावते हे त्या-त्या जातीवर ठरतं. शेंगदाणे आणि मक्यावर वाढणारी, अफ्लाटॉक्सिन हे विष तयार करणारी अ‍ॅस्परजिलस फ्लेव्हस 10 अंशांच्या खाली जवळजवळ थांबते. म्हणून पावसाळ्यात दाणे हवाबंद डब्यात घालून फ्रिजमध्ये ठेवणं शहाणपणाचंच. पण पेनिसिलियम, क्लॅडोस्पोरियम आणि बॉट्रायटिस या बुरशींच्या कित्येक जाती शून्याच्या आसपासही वाढतात. महाबळेश्वरहून आणलेल्या स्ट्रॉबेरीवर फ्रिजमध्येच जी राखाडी लव चढते, ती बहुतेक वेळा बॉट्रायटिसची असते. ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडकडून इंग्लंडला बोटीने जाणाऱ्या गोठवलेल्या मांसावर काळे डाग पडत. ब्रुक्स आणि हॅन्सफर्ड या ब्रिटिश शास्त्रज्ञांनी 1923 मध्ये शीतगृहातल्या मांसावरच्या या बुरशींचा अभ्यास प्रसिद्ध केला, आणि काळे डाग पाडणारी क्लॅडोस्पोरियम शून्याच्या खालीही वाढू शकते हे त्यातून पुढे आलं. शंभर वर्षांपूर्वी कळलेली ही गोष्ट आपल्या स्वयंपाकघरात अजून पोहोचू नये, याची चीड येते.

थंडी मारत नाही हे मान्य केलं, तर लक्ष आपोआप खऱ्या कारणाकडे जातं. ते कारण म्हणजे ओल. मुंबईत किंवा कोकणात जुलैमध्ये हवा 30 अंश आणि आर्द्रता 85 टक्के असेल, तर एका घनमीटर हवेत साधारण 26 ग्रॅम वाफ असते. हीच हवा 4 अंशांपर्यंत थंड झाली की तिच्यात जेमतेम साडेसहा ग्रॅम मावते. उरलेली वाफ पाणी होऊन कुठेतरी बसणारच. अडीचशे लिटरच्या फ्रिजमधली सगळी हवा एकदा बदलली, तर चहाच्या चमचाभर पाणी आत येतं. दार सताड उघडं ठेवून ‘काय खावं बरं’ असा विचार करत उभी राहणारी माणसं घरात किती आहेत, ते तुम्हीच मोजा.

हे पाणी कुठे जातं ते एकदा बघून ठेवा. फ्रॉस्ट-फ्री फ्रिजमध्ये आतल्या थंड नळ्यांवर साचलेलं हिम ठरावीक वेळाने आपोआप वितळतं. ते पाणी नळीतून खाली उतरून कॉम्प्रेसरजवळच्या ट्रेमध्ये पडतं आणि कॉम्प्रेसरच्या उष्णतेने सुकतं. ही वाट कोथिंबिरीच्या पानाने, भाताच्या शिताने तुंबली की पाणी भाजीच्या ट्रेखाली साचतं. साध्या, एकदारी फ्रिजमध्ये बटण दाबून बर्फ वितळवल्यावर ट्रे रिकामा करणं आपल्याच हातात असतं, आणि तेच राहून जातं. कप्प्यांवर हौसेने अंथरलेल्या प्लॅस्टिकच्या मॅटखाली पाणी अडकतं. हँडलला घातलेलं कापडी कव्हर ओल्या हातांनी दिवसभर दमट राहतं. फ्रिज भिंतीला चिकटून असेल तर मागे वारा फिरत नाही आणि भिंतीलाही बुरशी धरते. कंपनीच्या पुस्तिकेत भिंतीपासूनचं अंतर दिलेलं असतं, तेवढं सोडाच.

सगळ्यात दुर्लक्षित जागा म्हणजे दाराचं रबर. त्याच्या घड्यांत दुधाचे थेंब, पिठाचे कण आणि बाहेरच्या हवेची ओल, तिन्ही एकत्र येतात. बुरशीला याहून जास्त काही लागत नाही. रबर घट्ट बसत नसेल तर दमट हवा चोवीस तास आत शिरत राहते. दारात कागद धरून दार लावा. कागद सहज ओढून निघाला तर रबर बदलायला झालं आहे.

स्वच्छतेसाठी महागड्या फवाऱ्यांची गरज नाही. अमेरिकेच्या कृषी खात्याचा सल्ला साधा आहे: दर काही महिन्यांनी लिटरभर पाण्यात मोठा चमचाभर खायचा सोडा घालून फ्रिज आतून पुसा, साध्या पाण्याने पुन्हा पुसा आणि कोरडा करा. रबरावर काळी बुरशी दिसतच असेल तर लिटरभर पाण्यात तीन छोटे चमचे ब्लीच घेऊन घासा. आधी प्लग काढा. कोरड्या ब्रशने खरवडू नका, बीजाणू घरभर उडतात. आणि ‘दुप्पट जोर’ यावा म्हणून ब्लीचमध्ये व्हिनेगर किंवा लिंबू कधीही मिसळू नका. त्यातून क्लोरीन हा विषारी वायू निघतो.

गणपतीला गावी जाताना फ्रिज बंद करून दार घट्ट लावून जाणारी घरं कमी नाहीत. बंद फ्रिज म्हणजे अंधार, ओल आणि उबदार हवा. बंद करायचाच असेल तर रिकामा करा, पुसून कोरडा करा आणि दारात काहीतरी अडकवून ते किंचित उघडं ठेवा.

बाकीच्या समजुती थोडक्यात. आतल्या बटणावरचा 4 म्हणजे 4 अंश नव्हे. तो थंडाव्याचा जोर आहे. खरं तापमान बघायला साधा थर्मामीटर आत ठेवा, ते 4 किंवा त्याखाली हवं. अर्धं लिंबू ठेवल्याने कुबट वास थोडा झाकला जाईल, बुरशी जाणार नाही. काही दिवसांनी त्या लिंबावरच ती दिसेल. कोथिंबीर, मेथी धुऊन ओलीच पिशवीत कोंबली तर टिकत नाही. कोरडी करून कागदात गुंडाळा. स्ट्रॉबेरी खाण्याआधीच धुवा.

‘बुरशीतूनच तर पेनिसिलिन मिळतं’ असं म्हणून हिरवट पाव पोटात घालणारेही भेटतात. आपल्या पिंपरीत 1954 साली हिंदुस्तान अँटिबायोटिक्सचा कारखाना उभा राहिला, तो निवडक वाण मोठ्या टाक्यांत वाढवून त्यातून शुद्ध औषध वेगळं काढण्यासाठी. पावावर कुठली बुरशी आहे आणि ती काय तयार करते आहे, हे डोळ्यांना दिसत नाही.

‘तेवढा भाग कापला, बाकीचं चांगलं आहे.’ गाजर, कोबी किंवा कडक चीजसारख्या घट्ट पदार्थात डागाभोवती आणि खाली इंचभर कापून टाकलं तर उरलेलं चालतं, असं तेच अमेरिकी खातं सांगतं. पण पाव, जॅम, दही, पनीर, शिजवलेली भाजी, आमटी यांत बुरशीचे तंतू दिसतात त्याच्या पलीकडे गेलेले असतात. ते सगळंच टाकायचं.

उकळून, परतूनही सुटका नाही. 1974 साली राजस्थानातल्या बांसवाडा आणि गुजरातेतल्या पंचमहाल जिल्ह्यांत अवकाळी पावसाने भिजलेला, बुरशी आलेला मका खाऊन 106 माणसं यकृताच्या विकाराने गेली. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या शास्त्रज्ञांनी त्याचा छडा लावला आणि 1975 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये मांडला. ती माणसं मका कच्चा खात नव्हती, शिजवूनच खात होती. अफ्लाटॉक्सिन रोजच्या स्वयंपाकाच्या आचेने नष्ट होत नाही. त्या घरांतली तोच मका खाणारी कुत्रीही मेली.

म्हणून बुरशी आलेला पाव किंवा भात दारातल्या गाईला, कुत्र्यालाही घालू नका. कागदात घट्ट गुंडाळा आणि कचऱ्यात टाका.